लेकीचं खाकरणं

खोकला वेगळा आणि खाकरणं वेगळं, हे मी आधीच सांगून ठेवते. माझी लेक चार वर्षांची असताना खाकरायची. खोकायची नाही. गावात सगळ्यांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी पाणवठ्यावर बाई भेटली की पहिला प्रश्न तोच, "पोरीचा खोकला कसा हाय?" मी म्हणायचे, "खोकला न्हाई वो, खाकरती ती." त्यावर समोरची मान हलवायची, म्हणजे अशी, की असू दे बाई, तुझ्या समाधानाला खाकरणं म्हणू.

त्या मान हलवण्याचा मला असा राग यायचा! हातातली घागर तिच्या पायावर टाकावी असं वाटायचं. पण रागाच्या तळाशी भीती होती, आणि ती भीती त्या बाईच्याही डोळ्यांत असायची. कारण पोरीचा बाप चार महिन्यांमागं खोकून खोकूनच गेला होता.

मी मूळची भोरची. वडील संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले, म्हणून मला मराठी चौथीपर्यंत शाळा मिळाली, आणि त्या चौथीच्या जोरावरच आज हे लिहिते आहे. जगाची दुसरी लढाई अजून लागायची होती. मुलगी तेरा-चौदाची झाली की घरच्यांना घास गोड लागायचा नाही असे ते दिवस. मला दिलं पासलीच्या अंगाला, तोरण्याच्या पल्याडच्या डोंगरात. भाताची खाचरं, चढावर नाचणी, आणि पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून डोळे लाल. पहिल्या वर्षी मी रोज रडले. दुसऱ्या वर्षी रडायचं विसरले, त्याला कारण माझा नवरा.

त्यांचं नाव मी इथंही लिहिणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तेही माझं नाव घेत नसत. सासरी माझं नाव बदलून नवं ठेवलं होतं, पण ते वापरणार कोण? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "अगं" म्हणायच्या. मामंजी, म्हणजे सासरे, सुनेशी बोलायचेच नाहीत. काही सांगायचं झालं तर बैलाकडं बघून सांगायचे, आणि बैल नसला तर खांबाकडं बघून. नवं नाव तसंच कोरं राहिलं.

आमच्या घरात पुरुषमाणूस खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. ओसरीच्या दारात थांबायचं, खाकरायचं, आतल्या बायकांना पदर सावरायला वेळ द्यायचा, मग आत यायचं. मामंजींचं खाकरणं एकदम खरखरीत, दगडावर खोरं घासल्यागत. ते ऐकलं की मी पदर पुढं ओढून माजघरात व्हायचे. ह्यांचं निराळं होतं. एक लांब, मग जरा दम खाऊन दोन आखूड. आणि ते आत येण्यासाठी नसायचं, मला बाहेर बोलावण्यासाठी असायचं. एका खाकरण्याला आत पळायचं आणि दुसऱ्याला बाहेर, हे नव्या सुनेला सुधरायला वेळ लागतो की नाही, तुम्हीच सांगा.

एकदा मामंजींना सर्दी झाली होती. त्यांच्या घशातून भलताच मऊ आवाज निघाला. मला वाटलं हेच आले. मी गुळाचा खडा मुठीत लपवून, हसत हसत, पदर खांद्यावर टाकून ओसरीवर धावले, तर पुढ्यात मामंजी! त्यांनी झटक्यात भिंतीकडं तोंड फिरवलं आणि भिंतीलाच म्हणाले, "जरा ऊन पाणी मिळंल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाई चुलीपाशी पोट धरून हसत होत्या. पुढं कितीतरी दिवस मी समोर दिसले की त्या हळूच मूठ पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "गूळ हाय का गं?"

हे दिवसातून दहा वेळा खाकरायचे. खाचरावरून आले की खाकरायचे, गोठ्यातून निघाले की खाकरायचे. मी हातातलं काम टाकून बाहेर यायचे आणि विचारायचे, "काय?" ते म्हणायचे, "काय न्हाई." मी चिडायचे. पिठाचे हात, चुलीवर भाकरी करपतेय, आणि काय न्हाई म्हणजे काय! त्यावर ते नुसते हसायचे आणि निघून जायचे. पोर झाली, चालायला लागली, तरी ह्यांचं हे चालूच. बापाच्या कडेवर बसून पोर ते बघायची. त्या 'काय न्हाई'साठी आज जीव तुटतो माझा.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला, तो अंगात राहिला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माणूस अर्धा झाला. भोरच्या डॉक्टरांनी छाती तपासून क्षय सांगितला. घरात त्यांचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, गोठ्याच्या कडेला त्यांची खाट लागली. पोरीला त्यांच्याजवळ जाऊ द्यायची नाही असं ठरलं. तिथूनही ते खाकरायचे, मी उंबऱ्यात उभी राहायचे, "काय?" म्हणायचे. "काय न्हाई." शेवटी खोकल्यानं खाकरणं खाऊन टाकलं. श्रावणात, लावणी उरकल्यावर, ते गेले.

त्यानंतर मी कशी होते ते मला नीट सांगता येत नाही. काम करत होते. दळत होते, शेण काढत होते, तण काढायला, बेणणीला, खाचरात उतरत होते. बोलत नव्हते. पोर पायात घुटमळायची, "आये, आये" करायची. आत्याबाई आतून ओरडायच्या, "अगं, पोर कवाधरनं हाका मारती, ओ दे की तिला!" मला ऐकू यायचं नाही असं मी पुढं लोकांना सांगत आले. खोटं कशाला बोलू, ऐकू यायचं. पण ओ द्यायला आतून जो आवाज वर यावा लागतो तो येत नव्हता. पोर थोडा वेळ उभी राहायची आणि आत्याबाईंकडं जायची.

दिवाळी झाली. भात झोडून कणगीत गेलं. एका सकाळी मी अंगणात पाठमोरी बसून उखळात भात सडत होते, आणि मागं पोर खाकरली.

माझ्या हातातलं मुसळ गळून पडलं. मी वळले ती अशी, की पोरीला धरून तिचं तोंडच उघडलं. "काय झालं? काय गिळलंस? आ कर, आ कर बघू!" जिभेखाली बघितलं, पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पाजलं. पोरीनं सगळं करू दिलं. मग माझ्या गळ्यात हात टाकून हसली. ती हसली म्हणून मला धीर आला.

दुपारी परत खाकरली. मी परत धावले. संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं.

मग सुरू झाले उपाय. आत्याबाई म्हणाल्या, भाताचं तूस घशात बसलंय, सडताना उडतं ते. म्हणून पोरीला भाकरीचे कोरडे गोळे गिळायला लावले. काही नाही. मग म्हणाल्या, ओढ्यातले मासे केले होते, काटा टोचला असंल. त्यावर दहीभाताचे गोळे. पोरीनं ते आनंदानं खाल्ले आणि ताट पुसून खाकरली. मग पडजीभ पडली असं निघालं. आत्याबाईंनी अंगठ्याला मीठ लावून पोरीची पडजीभ वर दाबली, तर पोरीनं अंगठ्याला असा कडकडून चावा घेतला की आत्याबाई उडी मारून बाजूला झाल्या. "रांडंच्या, दात हायेत का विळं!" म्हणत त्या अंगणभर हात झटकत फिरल्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली.

वेल्ह्याच्या बाजारात एक झाडपाल्याचा वैदू बसायचा. मामंजी त्याच्याकडनं वावडिंग आणि ज्येष्ठमध घेऊन आले. तो म्हणाला होता, पोटात जंत असतील, ते वर सरकले की पोर खाकरतं. वावडिंगाचा काढा झाला. दृष्ट काढून झाली. तोरण्यावरच्या मेंगाईदेवीचा अंगारा कपाळाला आणि घशाला लावून झाला. शेजारणीनं सांगितलं म्हणून धुरात बसू द्यायची नाही असं ठरवलं, पण आमच्या घरात धूर नाही अशी जागा कुठली आणायची? पोर दिवसभर अंगणात, आणि मी आतून कान लावून. खाकरली की धावले. मध चाटवला, घसा शेकला, मांडीवर घेऊन बसले. पोर मात्र दिसायला ठणठणीत. गाल वर आलेले, भूक चांगली, अंगात ताप नाही.

पण गाव काही बघत नव्हतं, ऐकत होतं. पाणवठ्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, माझ्या पाठीमागं पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बापाचंच आलंय पोरीत." मी तिथंच घागर आपटली. "तुझ्या जिभेला हाड हाय का गं? उद्या तुझं लेकरू शिंकलं तर येईन म्या सांगायला." घागरीला पोचा पडला. बायका आपापली पोरं हाताला धरून गेल्या. त्या दिवसापासून आमच्या अंगणात खेळायला कुणाचं पोर आलं नाही.

ते मी सोसलं. पण माघ लागला तेव्हाची एक सकाळ मला सोसली नाही. मी जेवण वाढायला घेतलं, तर आत्याबाईंनी फळीवरनं एक ताट काढलं आणि पोरीसाठी बाजूला ठेवलं. ते ताट ह्यांचं होतं. काठाला दबलेलं, आजारपणात वेगळं केलेलं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. पोटचा एक मुलगा गेला होता, आता त्याची पोर जाणार अशी त्यांची खात्री झाली होती, आणि घरातली बाकीची माणसं तरी वाचावीत म्हणून त्या हे करत होत्या. मला ते कळलं, आणि तरी मी ओरडले. "म्या हिला भोरला घेऊन जाती. आजच्या आज." सुनेचा आवाज ओसरीपर्यंत गेला. ओसरीवर मामंजी खाकरले, आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "गाडी जुपतो."

वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, तिथं एक मुक्काम, आणि पुढं मोठ्या सडकेच्या फाट्यापर्यंत परत गाडीच. फाट्यावरनं भोरची मोटार मिळायची. पोर गवतावर बसून डोंगर बघत होती. मी तिच्याकडं तोंड करून बसले होते, तिचा घसा वरखाली होतो का बघत. दोन दिवसांत ती एकदाच खाकरली, मी गाडीत पेंग घेत होते तेव्हा. फाट्यावर मोटारीची वाट बघताना मामंजी बैलाच्या मानेवर हात ठेवून बैलाला म्हणाले, "पोर वाचंल न्हवं?"

मी पदराआडून म्हणाले, "वाचंल." लग्नानंतर आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढंच पहिलं.

भोरचे डॉक्टर तेच, ज्यांनी ह्यांची छाती तपासली होती. दवाखान्याच्या पायरीवर माझे पाय अडले. डॉक्टरांनी पोरीला टेबलावर बसवलं, पुढून मागून नळी लावली, श्वास घे, सोड, परत घे. जीभ चमच्यानं दाबून घसा बघितला, नाक बघितलं, गळ्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या, पोट दाबलं. एवढ्या वेळात माझा देवाशी काय व्यवहार झाला ते मी इथं लिहीत नाही.

"बाई, हिची छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मनात आहे ते हिला नाही."

माझा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ शंका आली. "मग खाकरती कशापायी?"

"त्याला कारणं पुष्कळ असतात. नाकातलं पाणी मागच्या मागं घशात उतरतं. घशातल्या गाठी सुजतात. धूर असतो, धूळ असते, काही पोरांना पोटातलं आंबट वर येतं. ह्यातलं मला काही दिसत नाही. झोपेत खाकरते का?"

"न्हाई."

"खेळात असली की?"

खेळायला पोरं कुठं येत होती!

"मग आता औषध नाही. आठ दिवस तुम्ही नुसतं बघायचं. ती कधी खाकरते, कुणापुढं खाकरते, आणि खाकरली की पुढं काय होतं. एवढं बघून मला येऊन सांगा."

मला आला राग! डोंगर उतरून, बैलांचे पाय मोडत इथवर यायचं, आणि हा माणूस सांगतो बघा म्हणून. माहेरी गेले तर आईनंही तोच सूर लावला. "बाटलीसुद्धा दिली नाही? निदान लाल औषध तरी द्यायचं!" तिच्या मते लाल औषधाशिवाय डॉक्टर म्हणजे नुसताच कोटवाला माणूस.

पण मी बघायला लागले. बघायचं म्हणजे पोरीवर डोळा ठेवून समोर बसायचं, तर ती खाकरेच ना. माझ्या आईच्या मांडीवर बसून शेंगा खाल्ल्या, खाकरली नाही. शेजारच्या पोरींबरोबर सागरगोटे उधळत बसली, खाकरली नाही. वडील दटावून बोलले तेव्हा रडली, पण खाकरली नाही. दोन दिवस असे गेले. मला वाटलं भोरचं पाणी मानवलं. तिसऱ्या दिवशी मी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसले, मन कुठंतरी खाचरावर गेलं, आणि मागून खाकरणं आलं. चौथ्या दिवशी परत तसंच. माझी पाठ असली आणि माझं चित्त नसलं की. माझ्या पाठीचा आणि हिच्या घशाचा काय संबंध, हे कोडं काही मला सुटेना.

पाचव्या दिवशी मी धुणं घेऊन नीरेवर गेले. पोर बरोबर होती. सकाळची उन्हं पायऱ्यांवर आली होती आणि घाटावर ही गर्दी! धोपटण्यांचे आवाज, बायकांच्या गप्पा, पाण्यात उतरलेली पोरं. पाच-सहा पोरं एकदम ओरडत होती, कुणी आई, कुणी आये. मी खाली वाकून लुगडं धोपटत होते. ह्यांचंच धोतर फाडून केलेलं एक फडकं धुण्यात होतं, ते हाताला लागलं आणि मी थांबले. किती वेळ थांबले माहीत नाही.

त्या सगळ्या गलक्यातून मला खाकरणं ऐकू आलं. मी वळून बघितलं. पोर तीन पायऱ्या वर उभी होती, सागरगोट्यांची ओंजळ पुढं धरून. तिचं तोंड फुललं.

"आता आली," ती म्हणाली.

मी हात पुसत वर गेले. "घसा दुखतोय का गं?"

"न्हाई."

"खवखवतोय?"

"न्हाई."

"मग खाकरतीस कशाला सारखी?"

"तुला हाक मारती." मलाच काही कळत नाही अशा थाटात ती म्हणाली.

"हाक मारायची तर आये म्हनावं की."

"आये म्हनलं तर तू येत न्हाईस. म्या लई येळा म्हनली." तिनं पायऱ्यांवरच्या पोरांकडं बोट केलं. "आये तर समद्यांचीच हाय. बा तुजं नाव घ्यायचा, मग तू पळत यायचीस." आणि मला नीट समजावं म्हणून तिनं ओंजळ खाली ठेवली, मान जरा वर केली आणि माझं नाव घेऊन दाखवलं. एक लांब. मग दम खाल्ला. मग दोन आखूड.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला आधी कसं कळलं नाही? ज्या आवाजाला पाच वर्षं धावलीस तो तुला ओळखू आला नाही? नाही आला. चार वर्षांच्या पोरीचा घसा तो, चिमणा, पातळ. आणि भीतीनं माझे कान झाकले होते. मी त्या आवाजात आजार ऐकत होते. हाक ऐकू येत होती ती फक्त माझ्या पायांना, म्हणून ते धावत होते. आणि पोरीनं तेवढंच बघितलं होतं, की ह्या नावानं हाक मारली की आये येते. येते, जवळ घेते, मध देते, मांडीवर बसवते. बाप गेल्यावर आई परत मिळवायची एवढी एकच वाट तिला सापडली होती, आणि त्या वाटेवर आम्ही सगळे काढे आणि अंगारे घेऊन उभे होतो.

"तुजंच नाव हाय न्हवं?" माझं तोंड बघून तिला शंका आली असावी.

"व्हय," मी म्हणाले. "माजंच हाय."

मग मी तिथंच पायरीवर बसून रडले. ते गेले तेव्हाही एवढी रडले नव्हते. घाटावरच्या बायका धुणं टाकून आल्या, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पोरीला उचलायला बघितलं. पोर सोडेचना. मी तिला म्हणाले, "तू आपली मला आयेच म्हन. आता म्या येईन. एका हाकंला येईन."

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत राहिले, आणि म्हणाले, "आता तुम्ही घरी जा." लाल औषध काही दिलं नाही.

ठरल्याप्रमाणं आठ दिवसांनी मामंजी फाट्यावर गाडी घेऊन आले होते. मी बैलांकडं बघून सांगितलं, "छाती साफ हाय." मामंजींनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मग पोरीला जवळ ओढून म्हणाल्या, "मार बघू तुज्या आयेला हाक. तुजा बा मारायचा तशी." पोरीनं मारली. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या लेकाचा आवाज होता तो. "आनि एकदा," त्या म्हणाल्या. पोरीनं परत मारली. मग त्या उठल्या, फळीवरचं ते काठाला दबलेलं ताट काढलं, राखेनं घासून धुतलं आणि आमच्या ताटांत पालथं घातलं.

मी माझा शब्द पाळला. "आये" आलं की मी ओ द्यायचे. दळण असो, शेणाचे हात असोत, खाचरात गुडघाभर चिखलात असले तरी. पहिले काही दिवस ती दोन्ही नावांनी हाक मारायची, आधी एक, मग खात्रीला दुसरं. मग दुसरं कमी झालं. होळीपर्यंत तिचं खाकरणं थांबलं. गावातल्या बायका म्हणाल्या, मेंगाईचा अंगारा लागू पडला. मी म्हणाले, असंल.

पोर वाचली, हसू-खेळू लागली, अंगणात पोरं परत यायला लागली. मला दुसरं काय हवं होतं? काही नको होतं. रोज देवापुढं हेच तर मागितलं होतं.

तरी एक गोष्ट सांगते, कुणाला सांगितलेली नाही. पुढच्या दिवाळीनंतर परत भात सडायचे दिवस आले. मी अंगणात तशीच पाठमोरी बसले होते, तेच उखळ, तेच मुसळ. मागून पोरीनं हाक मारली, "आये." मी ओ दिली नाही. मुद्दाम दिली नाही. मुसळ हातात धरून, पाठ तशीच ठेवून वाट बघत राहिले.

"आये," ती परत म्हणाली.

मी श्वास रोखून बसले. एकदाच, मनात म्हणत होते, एकदाच बा मारायचा तशी मार.

"आये गं!" तिसरी हाक मोठ्यानं आली, जरा चिडून. आणि मग ती थांबली. मागं काहीच आवाज नव्हता. मी कान देऊन बसले होते.

"आये!"

ह्या चौथ्या हाकेला मी ओ दिली.